हिरालालचे नॉर्मल रिपोर्ट

बायकोची शंका मिटवायला एकदाचं रक्त तपासून टाकावं, असं हिरालालने ठरवलं आणि आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

एरवी माणूस ठणठणीत. भिलाईच्या प्लांटात तीस वर्षं क्रेन चालवली, पण सर्दीची म्हणून कधी रजा घेतली नाही. मात्र कलावतीला दुपारच्या त्या दवाखान्याच्या मालिकेचं वेड लागलं आणि त्यांच्या मरोद्याच्या क्वार्टरमध्ये रोगराई शिरली. सोमवारी मालिकेतल्या रोग्याची नखं पिवळी झाली की मंगळवारी हिरालालच्या नखांची तपासणी. (नखं पिवळीच होती. हळदीने. पण ऐकतो कोण!) मग मालिकेत एका पैलवानाला जेवताना उचकी लागली आणि त्याच्या मेंदूत गाठ निघाली. नेमका त्याच आठवड्यात रस्सा भुरकताना हिरालाललाही उचकी लागली. झालं! रविवारचं मटण बंद, दुधी सुरू. लागोपाठ तीन रविवार दुधी! भंडाऱ्याकडच्या माणसाला याहून कडक शिक्षा कायद्यातही नसेल.

म्हणून हे रक्त. रिपोर्ट घेऊन तो नाचतच घरात आला.

"पाह्य! सगळे नॉर्मल. आता मटण आणू ना?"

कलावती मटकन खाली बसली. "सगळेच? एकबी खराब नाही?"

"एकबी नाही."

"अरे देवा! मालिकेतल्या त्या मास्तराचेबी नॉर्मलच होते. मंग जाहिरात लागली, अन् जाहिरात संपली तं मशीनवर त्याची रेघ सपाट!"

"अवं, मी का मालिकेत काम करून राहिलो?"

"जे सापडत नाही तेच वंगाळ असते. लहानशी बिमारी निघाली असती, तं जिवाले घोर नसता."

लहानशी बिमारी पाहिजे? आणतो! दुसऱ्या दिवशी दुपारी हिरालालने रुआबांध्यातल्या एका डॉक्टरांना गाठलं.

"तकलीफ क्या है?"

"मुझे कुछ नहीं है, यही तकलीफ है. कोई छोटी-सी बीमारी लिख दो, साब."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "डकार आती है?"

"आती है." (ढेकर कोणाला येत नाही?)

डॉक्टरांनी कागदावर 'ॲसिडिटी' लिहिलं, खाली आणखी काहीबाही खरडलं आणि शिक्का मारला. हिरालाल कागद फडकवत घरी पोचला, तर फाटकापासूनच मटणाचा वास!

"आले का? बसा," कलावती हसत म्हणाली. "आज दाखवलं ना, त्या मास्तराले काहीच नव्हतं. मशीनच बिघडली होती! मी उगाच भेली होती. म्हटलं, रविवारची वाट कावून पाहाची?"

ताटात लालभडक तर्री. हिरालालचे डोळे भरून आले. त्याने कागद हळूच मांडीखाली सारला.

"काय लपवून राहिले?"

"काही नाही."

तिने कागद ओढला आणि मोठ्याने वाचला. "ॲसिडिटी. मसालेदार बंद. मटण बंद. दोन महिने."

"खोटं आहे ते! मीच लिहून घेतलं!"

"सगळेच रोगी पहिले असंच म्हणते," ती मायेने म्हणाली आणि तिने ताट उचलून मुलीसमोर, भूमिकासमोर, ठेवलं. "साधीच निघाली बापा. जीव भांड्यात पडला."

भूमिकाने नळी चोखत सल्ला दिला, "पापा, सेकंड ओपिनियन ले लो ना."

हिरालाल त्याच संध्याकाळी तणतणत सुपेल्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी पोट दाबून नीट तपासलं, आणि दोन महिन्यांचे तीन केले.