मगदूम सरांचं न हलणारं पाणी

उचगावात आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या मगदूम सरांना काही घडलेलं अजिबात खपत नाही. रोज सकाळी दूध घ्यायला खाली आले की हसून सांगणार, "वहिनी, काल काय बी झालं न्हाय!"

सर परदेशातल्या कुठल्याशा संस्थेचं काम घरबसल्या करतात. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आकड्यांनी मांडलेला दक्षिण ध्रुवाकडचा समुद्र आहे आणि त्यावर तरंगणारा अवाढव्य बर्फ. त्यात वारा सोडलेला नाही, भरती सोडलेली नाही. म्हणजे बर्फाखालचं पाणी गप पडून राहायला पाहिजे. पण राहील तर शपथ! बर्फाचा तळ जिथं उतरता, तिथं पाण्याच्या दाबाचं गणित जरासं चुकतं आणि पाणी आपलं आपण वाहायला लागतं. हे मला समजावताना सरांनी माझी भाकरीची अख्खी चवड तिरकी केली आणि वरून परात दाबली. "परात म्हंजे बर्फ, हे पाण्याचं थर. तिरकं हाईत, म्हणून हिशेब चुकतोय." मला काय कळलं देव जाणे, त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी कुस्करा खाल्ला.

पाणी हललं की सर त्याला रागावतात. एकदा मुरगूडहून नणंदेचे यजमान आले होते. चहाचा कप तोंडाशी नेला, तेवढ्यात वरून गर्जना, "हालायचं न्हाय म्हणून सांगितलं न्हवं!" पावणं कप धरून तसंच बसलं. चहावर साय धरली, तरी हलेनात.

मी एकदा वैतागून म्हटलं, "वाहू दे की! एवढ्याशा धारेनं कुणाचं काय बिघडतंय?"

सर एकदम गंभीर झाले. "वहिनी, ही खोटी धार गरम पाणी बर्फाखाली नेती. मग न वितळलेला बर्फ वितळला म्हणून आम्ही जगाला सांगणार. समुद्र किती चढणार, त्याचं उत्तरच खोटं."

कॉम्प्युटरमधलं पुरं एक वर्ष पाणी गप राहिलं, तरच सरांची हिशेबाची नवी रीत खरी ठरणार होती. तीन वर्षं त्यांनी ह्यात घातली. तीनदा वर्ष भरत आलं आणि पाणी हललं. सर जैन, त्यांचं जेवण दिवस मावळायच्या आत. पाणी हललं की चूक शोधता शोधता दिवस मावळायचा आणि त्या दिवशी जेवणच नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी सर जिना धडधडत उतरले. "वहिनी, वर या! पुरं वर्ष झालं! हाललं न्हाय!"

पिठाच्या हातानं तशीच वर गेले. स्क्रीन निळीशार. पाणी वाहतंय असं दाखवणारा बाण नाही, रेघ नाही.

"ह्यात काहीच दिसत नाही की हो सर."

"त्येच की!" म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले.

मलाही इतका आनंद झाला! म्हटलं, "घरी फोन लावा की. कुणाला तरी सांगा आधी!"

सरांनी फोन हातात घेतला, थोडा वेळ बघितला, परत टेबलावर ठेवला. "सांगितलं की. तुम्हास्नी."

तीन वर्षं ह्या माणसाच्या आरडाओरड्याला मी नुसती हसत आले होते. तशीच गॅलरीत गेले आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "अगं ए, हातातलं टाका आणि वर या सगळ्या! आमच्या सरांचं पाणी हाललं न्हाय!"

आल्या की! कुणाच्या हातात लाटणं, कुणाच्या केसाला तेल. स्क्रीनपुढं दाटीवाटीनं उभ्या राहून म्हणत होत्या, "अगंबाई, खरंच हालत न्हाय गं!" आणि सर हरखून प्रत्येकीला आधी तिचं नाव विचारत होते, मग पहिल्यापासून सगळं सांगत होते.