रेव्हरंड शब्दाचे राखणदार

योहान मास्तरांनी एकदा लग्नपत्रिकांचा अख्खा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून आदळला. नवरा त्यांचा कोणी नव्हता, नवरी कोणी नव्हती, लग्नाचे आमंत्रणसुद्धा त्यांना नव्हते. तक्रार एवढीच, की लग्न लावणाऱ्या मिशनच्या साहेबांचा 'रेव्हरंड' एका ओळीच्या शेवटी राहिला होता आणि नाव खालच्या ओळीत गेले होते.

"नाना, तुम्ही माणसाची टोपी नंदुरबारला उतरवलीत आणि माणूस सुरतेला पाठवलात."

"अहो मास्तर, मुलाच्या बापाची काही तक्रार नाही."

"त्याला कळत नाही, म्हणून तक्रार नाही. पुन्हा छापा."

मी पुन्हा छापल्या. न छापून करतो काय? ते समोरच्या बाकावर बसून राहिले असते. त्या काळी नंदुरबारात मिशनवाल्यांचे छापायचे काम माझ्याच छापखान्यात येई, आणि दुर्दैवाने त्या छापखान्याला दार होते. त्यातून मास्तर रोज दहा वाजता आत येत. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, वैशाखातही गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला काळा कोट, कानाला लाल पेन्सिल. मूळचे तळोद्याकडच्या भिल्ल घरातले, पण असे बोलत की जणू क्रमिक पुस्तकच उभे राहून बोलते आहे.

त्यांचा कायदा मला तोंडपाठ झाला होता. 'पाद्री' हा बाजारातला शब्द, तो छापायचा नाही. 'पास्टर' हे मंडळी सांभाळण्याचे काम आहे, ते आज असते, उद्या नसते. 'फादर' रोमन कॅथलिक लोकांचे, त्यांचे त्यांनी पाहावे. 'रेव्हरंड' मात्र पाळकपदाची दीक्षा झालेल्याचाच, आणि तोही फक्त कागदावर. समोरच्या माणसाला "ओ रेव्हरंड" अशी हाक मारणारा अडाणी. हे सगळे ऐकवून झाले की शेवटी ठरलेले वाक्य येई, "दीक्षा झाली का? नाही ना? मग काट मारा." आणि पेन्सिल कानावरून खाली येई.

एकदा म्हसावदकडचे एक गुजर पाटील आले. पटकीच्या साथीत गावाला औषध देणाऱ्या साहेबांच्या हातून त्यांना नव्या विहिरीचे उद्घाटन करायचे होते. मजकूर साधा होता, 'पाद्रीबाबा येणार आहेत, सर्वांनी यावे.' नेमके मास्तर बाकावर.

"पाद्रीबाबा असा हुद्दा जगात नाही," मास्तर म्हणाले.

"आमना गावमा त्यासले पाद्रीबाबाच म्हनतस," पाटील म्हणाले.

"गाव चुकतं आहे."

पाटील सज्जन होते, पैसे मोजून निघाले. हस्तपत्रकावर 'रेव्हरंड' छापले गेले. झाले असे, की हा रेव्हरंड कोण, हे पंचक्रोशीत कोणालाच ठाऊक नव्हते. कोणीतरी बडा अंमलदार येतो आहे असे समजून लोक अर्ज घेऊन जमले. कोणाचा बांध शेजाऱ्याने कोरला होता, कोणाची गुरे जंगलवाल्यांनी कोंडली होती. बिचाऱ्या साहेबांनी विहिरीचे चाक फिरवायच्या आधी ते सगळे अर्ज टोपीत गोळा केले. दुसऱ्या दिवशी पाटील छापखान्यात आले आणि नुसते माझ्याकडे बघत उभे राहिले. मास्तरांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "पण आता त्यांना शब्द कळला ना?"

त्या दिवशी मी ठरवले, या माणसाला पुन्हा आत घ्यायचे नाही. दुसऱ्या दिवशी दहा वाजता ते आत होते.

मग एका सकाळी तळोद्याकडच्या मंडळीतले दोन म्हातारे मजकूर घेऊन आले. त्यांनी गावात लहानसे प्रार्थनामंदिर बांधले होते, त्याची पत्रिका छापायची होती. मी वाचले, 'रेव्हरंड फुलजी यांच्या स्मरणार्थ.' फुलजी म्हणजे मास्तरांचे वडील. आयुष्यभर डोंगरात उपदेश करत हिंडले, पण राहिले साधे उपदेशकच. दीक्षा त्यांना कधी मिळालीच नाही. खरे सांगतो, मला आनंद झाला. म्हटले, आता बघू हा कायदा घरच्या माणसाला लागतो का. कागद मी मास्तरांच्या हातात दिला.

त्यांनी तो दोनदा वाचला. मग पेन्सिल काढली आणि बापाच्या नावाआधीचा 'रेव्हरंड' सरळ रेघेने काटला.

"आरे, तुन्हा बाप व्हता तो," थोरला म्हातारा म्हणाला. "साहेब घोडावर जाये, हाऊ पार काठी गावपावत पायी फिरना. आमनासाठे तोच रेव्हरंड शे."

"दीक्षा झाली नव्हती," मास्तर म्हणाले.

 म्हाताऱ्यांना उन्हाच्या आत तळोद्याची बैलगाडी गाठायची होती. ते गेले आणि माझा तोल सुटला. "मास्तर, तुम्ही माणूस आहात की रेघा आखायचा रूळ? मेलेल्या बापाला एक शब्द दिला असता तर कोणाचं काय गेलं असतं?"

मास्तर बराच वेळ बाकावर हाताने काहीतरी पुसत बसले. तिथे काही नव्हते.

"दीक्षेआधी परीक्षा होती," ते म्हणाले. "मी तेव्हा शाळेत नवा लागलो होतो, लिहून घ्यायला मला बसवलं होतं. नव्या साहेबांनी पुस्तक उघडून बापापुढे ठेवलं, वाचा म्हणाले. बापाला अक्षर येत नव्हतं. सगळं पाठ होतं. त्याने पानाकडे बघत अध्याय म्हटला, इतका सुंदर की साहेबांचे डोळे भरून आले. साहेबांना मराठी ऐकून कळे, पण अजून वाचता येत नव्हतं. आणि मी म्हणालो, साहेब, हा अध्याय त्या पानावर नाही."



"खरं तेच सांगितलं मी.  बाप घरी आल्यावर आईला म्हणाला, पोरगा चांगला शिकला. मग मरेपर्यंत डोंगर चढत राहिला." त्यांनी पेन्सिल परत कानाला लावली. "जो शब्द मी त्याला मिळू दिला नाही, तो दुसऱ्या कोणाला सहज कसा मिळू देऊ, नाना?"

इतकी वर्षे मी या माणसावर दात खात होतो. मला माझीच लाज वाटली.

मास्तर जायला उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. "एक प्रत काढाल का? म्हाताऱ्यांनी लिहून आणली होती तशी. एकच. मग अक्षरांचे खिळे सोडून टाका."

मी स्वतः खिळे जुळवले. जाड कागद घेतला, एकच प्रत दाबून काढली. मास्तरांनी ती दोन्ही हातांत धरली आणि म्हणाले, "मोठ्याने वाचा."

"रेव्हरंड फुलजी यांच्या स्मरणार्थ," मी वाचले.

"पुन्हा."

मी पुन्हा वाचले. मग कागद मांडीवर ठेवून ते बाकावर बसले. "शाई ओली आहे. वाळेपर्यंत बसतो," म्हणाले.

दुपार झाली. बाजूच्या पेढीवरची माणसे जेवायला गेली, जेवून परत आली. शाई केव्हाच वाळली होती. मी त्यांना तसे सांगितले नाही.