तेलाची बिजाई

आमच्या गल्लीत कोणी मोटारसायकल सुरू केली की श्रावण काकाजी हातातलं काम टाकून गाडीला नमस्कार करतात. गाडीवाल्याला नाही हं, गाडीला. आणि वरून म्हणतात, "चालवा बाप्पा, चालवा. आपल्याच कंपनीचं हाये."

नवखा माणूस बावचळतो. मग मलाच चक्कीतून डोकं बाहेर काढून सांगावं लागतं, की ह्यांच्याकडे एका मोठ्या सरकारी तेल कंपनीचे शेअर आहेत, तुम्ही पेट्रोल जाळलं की ह्यांना बरकत येते असं ह्यांचं गणित आहे, तुम्ही आपले निघा.

पवनीत माझी पिठाची चक्की आहे आणि शेजारच्या दोन खोल्यांत काकाजी एकटे राहतात. लग्न केलं नाही. का नाही केलं म्हणून विचारलं तर म्हणतात, "धानाच्या कामात राहून गेलं." जसं काही बाजारातून मीठ आणायचं राहून गेलं! अड्याळकडचं शेत पुतण्यांना देऊन टाकलं. त्यातल्या एकाला लाज वाटली असावी, त्याने काकाजींच्या नावाने हे शेअर घेऊन दिले. माझा नवरा गावाच्या नात्याने त्यांचा पुतण्या लागतो, म्हणून मी सुनबाई. फोनवर भाव पाहून सांगायचं काम सुनबाईचं, कारण काकाजींना बारीक अक्षर दिसत नाही आणि चष्मा घालायला मन होत नाही.

जन्म धानात गेलेला, त्यामुळे शेअरबाजारही त्यांच्या लेखी बांधी, म्हणजे धानाचं शेतच. भाव पडला की म्हणायचे, "पाणी कमी पडलं, येईल." भाव चढला की, "लोंबी भरून राहिली, आताच इळा नोका लावू." कंपनी वर्षाकाठी जो लाभांश देते त्याला ते सरवा म्हणतात. कापणी झाल्यावर बांधीत पडलेल्या लोंब्या वेचतात, तो सरवा. सरवा आला की चक्कीपुढच्या बाकावर सगळ्यांना आलूबोंडे. मूळ शेअरला मात्र हात लावायचा नाही, ती बिजाई. "बिजाई इकते का कोणी? मंग पुढच्या साली पेरते काय, डोस्कं?"

पवनीत बॅटरीवरच्या रिक्षा आल्या तेव्हा काकाजींनी त्यांच्याशी सरळ वैरच धरलं. भर उन्हात बाजारातून पिशव्या ओढत पायी यायचे, पण रिक्षात बसायचे नाहीत. रिक्षावाला पोट्टा राम राम करायचा, तर हे दुसरीकडे पाहायचे.

आणि ह्या रिक्षांची बाजू घेणारा माणूस आमच्याच गल्लीत होता, देवराम गुरुजी. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेले. दुपारचं जेवण झालं की दोघं बाकावर येऊन बसत आणि बाजार बंद होईपर्यंत वाद घालत.

"श्रावणजी, इकून टाका. दहा सालानं सगळ्या गाड्या बॅटरीवर जातीन, तुमची कंपनी बसंल बोंबलत."

"चिखलणीले बॅटरीचा ट्रॅक्टर आणा तुमी, मंग बोलू."

"येईन तोही! अन् आता तरी काय सुटते कंपनीले? तेल महाग झालं तरी सरकार पंपावरचा भाव वाढू देत नाही. तोटा कोणाचा?"

"सरकारच मालक हाये ना? मालक आपला बैल उपाशी मारते का?"

एकदा कुठे दूर देशात लढाई लागली, कंपनीने आधी स्वस्तात भरून ठेवलेल्या तेलाला किंमत आली आणि काकाजींचा भाव चढला. ते खुशीत सांगायला गेले, तर गुरुजी एवढंच म्हणाले, "लोकं मरून राहिले श्रावणजी." त्या दिवशी काकाजी तसेच उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी बाकावर बसताबसता म्हणाले, "कालचा तुमचा मुद्दा खरा होता." आणि मग नवा वाद सुरू.

चक्की चालू असली की दोघांना ओरडावं लागे. मी चक्की बंद केली तरी ओरडणं थांबायचं नाही. गुरुजींचं "बुडणार! बुडणार!" ऐकून एक बाई वैनगंगेत कोणी बुडालं समजून धावत आली होती. किती वेळा म्हटलं, हळू बोला, माझं दळणात लक्ष राहत नाही. कशाचं काय!

काकाजींचा सगळ्यात अचाट मुद्दा म्हणजे तेल कधी सरतच नाही. "जमिनीतलं तेल इहिरीवानी झरते गुरुजी. उपसलं का पुन्हा भरते." हे ऐकलं की गुरुजी कपाळावर हात मारून घ्यायचे. मग खडू मागायचे. माझ्या चक्कीच्या भिंतीवर त्यांनी पृथ्वीच्या पोटातले थर काढलेत, अजून पुसलेले नाहीत. कोट्यवधी वर्षं, गाळ, दाब, सगळं समजावून सांगायचे. काकाजी मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, "झरते!" मला वाटायचं, काय माणूस आहे, ह्यांच्या डोक्यात धानाशिवाय काहीच शिरत नाही.

एका पावसाळ्यात गुरुजी तापाने फणफणले. गल्लीत एकही गाडी हाताशी नव्हती. काकाजी चौकात पळत गेले आणि त्याच बॅटरीच्या रिक्षातून, पुढे पोट्ट्याला खेटून बसून आले. दवाखान्यात शुद्धीवर आल्याबरोबर गुरुजी पुटपुटले, "शेवटी बॅटरीवरच आणलं ना?" काकाजी नर्सबाईला म्हणाले, "बाई, अजून एक सुई द्या, ताप उतरला नाही."

पण त्या तापानंतर गुरुजींचे गुडघे गेले आणि नागपूरच्या मुलीने ठरवलं, की बाबा आता एकटे राहणार नाहीत. तिचं काही चुकलं नाही. न्यायला जावई आला तो नव्या कोऱ्या बॅटरीच्या कारमध्ये! सगळी गल्ली काकाजींकडे पाहायला लागली. गुरुजी आत बसले, गाडी आवाज न करता सुरू झाली. काकाजी पुढे गेले आणि त्या गाडीला त्यांनी दोन्ही हात जोडले. "नीट नेजो बाप्पा," म्हणाले. माझ्या डोळ्यांत तेव्हाच पाणी आलं होतं, पण पीठ गेलं म्हणून सांगितलं.

त्यानंतर काकाजी दुपारी बाकावर यायचे, पण भाव विचारायचे नाहीत. मीच सांगितला तर "हौ" म्हणायचे. मोटारसायकली येत-जात, नमस्कार नाही. सरवा आला तेव्हा आलूबोंडे आणले, ते आमच्या हातात दिले आणि स्वतः न खाता घरात गेले.

मग एका दुपारी फोन माझ्यापुढे धरला. "सुनबाई, इकून टाक."

"काय?"

"शेअर. सगळे."

"बिजाई हाय ना काकाजी ती! बिजाई इकते का कोणी?"

"पेरू कुठं आता?" ते बाकावर बसले. "कंपनी बुडो का तरो, मले काय करा लागते? सांगू कोणाले?"

मी चिडलेच. "म्हणजे गुरुजींचं पटलं म्हणा शेवटी. तेल सरते."

"सरतेच. मले का समजत नाही का? इतके थर काढले त्यांनी भिंतीवर, तुमच्या चक्कीतल्या उंदरालेही पाठ झाले असतीन."

"मग रोज झरते, झरते कायले म्हणत होते?"

काकाजींनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "गुरुजीची बायको गेली तवा आठवते का तुले? माणूस दार उघडत नव्हता. डबा नेला तरी घेत नव्हता. म्या फाटकापाशी उभं राहून ओरडलो, तेल इहिरीवानी झरते म्हणून. शर्टाच्या गुंड्या न लावता बाहेर आला ना बाप्पा! मास्तर हाये, चूक सहन होते का त्याले? मंग रोजच बोलत गेलो. मलेही बरं वाटे. घरी कोण हाये बोलाले?"

इतकी वर्षं मी ह्या माणसाला अडाणी समजत होते. ते "इक" म्हणाले आणि मी त्यांच्या फोनवर विकायचं ते सगळं दाबलं. आता फोनवर ओटीपीचा आकडा येणार, तो टाकला की झालं. दोघंही फोनकडे पाहत बसलो. आकडा काही येईना.

फोन वाजला. गुरुजी होते.

काकाजींनी फोन माझ्या हातातून अक्षरशः हिसकावला. "बोला!"

गुरुजींचा आवाज मलाही ऐकू येत होता. इतक्या वर्षांचं ओरडणं, सुटणार थोडंच! "श्रावणजी, इकले का नाही? इथं आमच्या इमारतीत सगळ्या गाड्या बॅटरीच्या हायेत. एकही माणूस वाद घालत नाही. काही सांगितलं का मान डोलवतात अन् निघून जातात."

"इकू? कायले इकू? पागल हाव का मी?" काकाजींनी मला हातानेच सांगितलं, राहू दे ते विकणं.

"बरं, पण चक्की बंद हाये का आज? सुनं सुनं लागून राहिलं."

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. दळणाचा डबा एकही नव्हता. रिकामी चक्की मी कधीच चालवत नाही, दगडावर दगड घासून दळणासाठी पाडलेले टाके झिजतात आणि विजेचं बिल काही माझे सासरे भरत नाहीत.

मी उठले आणि बटण दाबलं. चक्की धडधडायला लागली. काकाजी बाकावर पाय घेऊन बसले, फोन तोंडाजवळ धरला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "तेल सरत नाही गुरुजी! इहिरीवानी झरते!"