पुसलेलं लाल नाव

नवऱ्याची समाधी घासावी तर आपणच, असा कात्सुएबाईंचा दावा होता. जपानमधल्या ओनोमिचीच्या डोंगरावर, देवळामागे ती होती. दगडावर दोन नावं शेजारीशेजारी कोरलेली. उजवीकडे गेलेले योशिमासा, डावीकडे त्या स्वतः. त्या जिवंत, म्हणून रिवाजाप्रमाणे त्यांच्या अक्षरांत लाल रंग भरलेला. बाई गेल्या की तो पुसायचा.

यंदा शेवाळ निघेना, तेव्हा त्यांनी तारेचा ब्रश चालवला. पाणी ओतलं, तर लाल ओघळ थेट पायांशी आला. वर पाहिलं, तर त्यांचं नाव नवऱ्याच्या नावाइतकंच करडं! त्यांनी हळूच स्वतःची नाडी चाचपली. चालू होती.

घरी येऊन त्यांनी म्हाताऱ्या सेकिने पाथरवटाला फोन लावला, डावीकडच्या नावात लाल भरायला सांगितलं आणि दाराला कुलूप घालून बहिणीचं घर गाठलं. एकटीनं झोपायचा धीर नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या परस्पर समाधीवरच गेल्या. समुद्रावरून चढलेलं धुकं गुडघाभर साचलं होतं. दगडासमोर उदबत्त्या जळत होत्या, पांढरी शेवंती वाहिलेली होती आणि घराशेजारच्या हागिवाराबाई डोळे मिटून पुटपुटत होत्या, की वहिनी, दाराला कुलूप, इथे नावही करडं, जाताना कळवलंसुद्धा नाहीत.

"कोण गेलं?" कात्सुएबाईंनी मागून विचारलं.

हागिवाराबाई वळल्या आणि मटकन खाली बसल्या. भुताला पाय नसतात हे त्यांना लहानपणापासून ठाऊक, आणि या बाईला गुडघ्यांखाली नुसतं धुकं.

"वहिनी, आधी पाय दाखवा."

कात्सुएबाईंनी दगडाला धरून एक पाय धुक्याबाहेर काढला. मग त्यांची नजर दगडावर गेली आणि त्याही हागिवाराबाईंच्या शेजारी बसल्या. त्यांचं नाव करडंच होतं. नवऱ्याचं मात्र लालभडक, ओलं, जणू आत्ताच श्वास घेतलेलं.

एवढ्यात रंगाचा डबा घेऊन सेकिने आले. दुसरा हात द्यायचा राहिला होता म्हणे. चूक दाखवल्यावर ते शांतपणे म्हणाले, "डावं म्हणजे दगडाचं डावं. दगडाला तोंड असतं, बाई." तरी ओशाळून त्यांनी योशिमासांचा रंग लगेच पुसून द्यायची तयारी दाखवली.

कात्सुएबाईंनी त्यांचा हात अडवला.

"माझं लाल करा. त्यांचं राहू दे आठवडाभर. चाळीस वर्षं घरात असून नसल्यासारखेच होते. आता जरा जिवंत राहून बघू देत."

त्या संध्याकाळी त्यांनी भाताच्या दोन वाट्या मांडल्या. दुसरी निवेपर्यंत दाराकडे कान लावून बसल्या. मग स्वतःशीच लाजल्या आणि तीही खाऊन टाकली.