रॉकेलच्या डब्याचा रणगाडा

दर रविवारी दुपारची जेवणं आटोपली की आमचे शेजारी गुलाबराव इंगळे बुलढाणा वाचवायचे. शत्रू यायचा देऊळघाटाकडून. देऊळघाटच का, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. गुलाबरावांनी स्वयंपाकघराकडं एक नजर टाकली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "माही सासुरवाडी हाये तिथं." आत भांडं आपटलं. म्हणजे वहिनींना ऐकू गेलं होतं.

मी शाळामास्तर, रविवारी मोकळा. त्यामुळे देऊळघाटच्या फौजेचं सेनापतिपद माझ्या गळ्यात पडलं आणि बरीच वर्षं गळ्यातच राहिलं.

गुलाबराव मोटार स्टँडवर कंट्रोलर होते. तरुणपणी ते खऱ्या फौजेत भरती व्हायला गेले होते, पण छाती मोजून त्यांना परत पाठवलं. "श्वास सोडला होता मी त्या टायमाले," ते सांगत. "भरून घेतला असता तं आज कुठच्या कुठं असतो." मग त्यांनी फौज घरीच उभी केली. गोठ्याचं जुनं दार दोन पेट्यांवर आडवं टाकलं. त्यावर गोधड्या आणि उशा रचून राजूर घाट केला आणि घाटातून तागाच्या पट्टीचा रस्ता काढला. शिपाई कुंभाराकडून घडवून घेतले. आता तो कुंभार पडला जन्मभर पोळ्याचे मातीचे बैल करणारा. त्याचा हात बैलावरच बसलेला. शिपाई आले ते जाड मानेचे, रुंद नाकपुड्यांचे, आणि निम्म्यांच्या पाठीवर चक्क वशिंड!

"वशिंड काऊन म्हणता, मास्तर? बिस्तरा हाये तो पाठीवरचा," गुलाबराव म्हणाले.

खेळ सोपा होता. शत्रूची गाडी समोर आली की गोळा डागायलाच हवा, चाल सोडता येत नाही. गोळा डागायचा म्हणजे सहा कवड्या टाकायच्या. पुरेशा कवड्या उताण्या पडल्या तर समोरची गाडी मेली, नाहीतर वाचली. मेलेली गाडी उलटी करून ठेवायची, ती त्या दिवशी पुन्हा उठत नाही. आणि एकदा पडलेल्या कवडीला कुणी बोट लावायचं नाही. "पडली ते पडली," हा गुलाबरावांचा मंत्र. एकदा माझी कवडी उडून पेटीखाली गेली, तर हा गृहस्थ कंदील घेऊन पोटावर झोपला. "हात नोका लावू! जशी पडली तशी वाचा!" असं ओरडत त्यांनी ती जागेवर वाचली. ती उताणी निघाली आणि त्यांचाच लाडका रणगाडा मेला. एका अक्षरानं कुरकुर केली नाही. उरलेली दुपार नुसत्या बिस्तरेवाल्या शिपायांवर लढले आणि हरले.

खरी गंमत होती गाड्यांची. सुरुवातीला रणगाडे काडेपेट्यांचे होते. वर अर्धी काडेपेटी, त्यात खिळ्याची तोफ. शिपायाच्या कमरेइतके आणि मोठे गुणी. पण मी शिवणाच्या रिळांची चाकं लावून जरा मोठा रणगाडा आणला आणि गुलाबरावांचं डोकं फिरलं. पुढच्या रविवारी त्यांनी तुपाचा डबा आणला, त्याला सायकलच्या पंपाची तोफ. मी म्हटलं, असं का? मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. मग त्यांनी कायदा केला, गाडी जितकी मोठी तितक्या जास्त कवड्या उताण्या पडायला हव्यात. झालं! मग लहान गाडी कोण करतो? 

आणि एक दिवस आला रॉकेलचा डबा. आडवा घातलेला, वर घमेलं पालथं, पाइपाची तोफ, अंगाला हिरवा रंग आणि वास मात्र रॉकेलचाच. शिपाई उंचीनं जेमतेम त्याच्या चाकांएवढे भरले. गुलाबराव तो घाटातून न्यायला लागले. प्रत्येक गाडीचा आवाज ते स्वतः तोंडानं काढत, गिअर बदलण्यासकट. स्टँडवर जन्म गेलेला, त्यामुळे चढाला पहिला गिअर कुठं पडतो हे त्यांच्या घशाला ठाऊक. घुंऽऽ करत डबा वळणावर आला, उशीला अडला, आणि अख्खा राजूर घाट जमिनीवर आला. 

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "माह्या उशा! अन् हे दार तुम्ही अडवलं तं पापड कुठी वाळू घालू मी, तुमच्या मुंडक्यावर?"

"घाट रुंद करा लागते," गुलाबराव गंभीरपणे मला म्हणाले. त्यांनी एक गोधडी काढून टाकली, म्हणजे अर्धा डोंगर फोडला. हळूहळू त्या दारावर दोनतीन अगडबंब गाड्याच राहिल्या आणि शिपाई कडेला जत्रा बघायला आल्यासारखे उभे. मला ते काडेपेटीचे दिवस आठवून वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू!

मग त्यांचा एकुलता एक मुलगा वसंता फौजेत गेला. छाती भरून घेऊन गेला म्हणा ना, बापानं महिनाभर शिकवलं होतं. तिथं त्याला ट्रक चालवायला दिला. गुलाबरावांनी स्टँडवर पेढे वाटले. वहिनींनी त्यातला एकही तोंडात घातला नाही. "ह्या मातीच्या बाहुल्या खेळू खेळू माह्या पोराले खऱ्या लढाईत धाडलं या माणसानं," असं त्या माझ्यासमोर म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्या खेळाच्या खोलीत पाऊल टाकेनात. चहा उंबऱ्यावर ठेवून जायच्या. नवऱ्याशी बोलणं मीठ-मिरचीपुरतं. गुलाबराव हसायचे, पण ते हसणं ओठांवरचं होतं. घरात माणूस असून एकटा पडला बिचारा.

तेव्हाच एका रविवारी खेळाच्या दारावर नवी गाडी दिसली. लाकडाचा ट्रक, जुन्या छत्रीच्या कापडाचं छप्पर. तोफ नाही.

"हा काय कामाचा?" मी विचारलं.

"भाकरी कोण पोचवीन मंग फौजेले?" गुलाबराव म्हणाले. ट्रकनं मलकापूरहून रसद घेऊन घाट चढायचा आणि बुलढाण्यात पोचायचं, असा नवा कायदा झाला. मी आत वाकून पाहिलं. ड्रायव्हरच्या जागी एक शिपाई होता, त्याचं वशिंड चाकूनं तासून काढलेलं.

"याला बिस्तरा नाही?"

"गाडीत ठेवला त्यानं," गुलाबराव म्हणाले आणि कवड्या पुसायला लागले.

पासष्ट साली पोळा होऊन थोडे दिवस झाले आणि सीमेवर लढाई पेटली. पानठेल्यावरच्या रेडिओभोवती गाव जमायचं. वसंताची काही खबर नव्हती. त्या रविवारी मी गेलोच नसतो, पण गुलाबराव स्वतः बोलवायला आले. दाढी वाढलेली. "चला मास्तर. बसून राहवत नाई," म्हणाले. माझ्यानं नाही म्हणवेना.

खेळात त्यांचं लक्ष नव्हतं. भलत्याच जागी चाली केल्या. आणि घुंऽऽ करत त्यांनी ट्रक घाटाच्या माथ्यावर आणला तो थेट माझ्या रणगाड्याच्या तोंडासमोर. मी घाईघाईनं म्हणालो, "माझी चाल सोडली."

"सोडता येत नाई. समोर आली त्या गाडीवर गोळा टाकाच लागते. तुमालेच तं सांगतलं होतं मी."

"अहो, जाऊ द्या ना गुलाबराव!"

"कायदा म्हणजे कायदा. टाका, मास्तर."

त्यांना थांबता येत नव्हतं, हे मला दिसत होतं. कायदा त्यांचाच होता आणि आज तोच त्यांच्या मानेवर बसला होता. ट्रकला चिलखत नाही, तीन उताण्या पडल्या की खलास. मी कवड्या उचलल्या. हलकेच टाकल्या, जणू हळू टाकल्यानं पालथ्या पडणार होत्या.

तीन उताण्या.

गुलाबराव बघत राहिले. आता त्यांना तो ट्रक स्वतःच्या हातानं उलटा करायचा होता. हात पुढं आला आणि छत्रीच्या कापडावर तसाच थांबला. मीही कवडीला बोट लावू शकलो असतो, पण लावलं असतं तर त्यांनी ते मानलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात बांगड्या वाजल्या. वहिनी उंबऱ्यावर चहा घेऊन उभ्या होत्या, किती वेळ कोण जाणे. चहा खाली ठेवून त्या आत आल्या. वसंता फौजेत गेल्यापासून पहिल्यांदाच. पेट्यांवरच्या दाराशी वाकल्या, ट्रकमधल्या त्या बिनवशिंडाच्या शिपायाकडं पाहिलं, आणि आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत एक कवडी बोटानं पालथी केली.

"दोनच हायेत उताण्या," त्या म्हणाल्या. "मी पाह्यलं. पडली ते पडली."

कवडीला हात लावला म्हणून या माणसानं मेव्हण्याशी भांडण केलं होतं. गुलाबरावांनी कवड्यांकडं पाहिलं, मग बायकोकडं.

"हाव," ते म्हणाले. "दोनच हायेत."

वहिनींनी पदर सावरला आणि पेटीच्या कडेला, त्यांच्या शेजारी बसल्या. "मंग थांबले काऊन? चालवा ना. घरी येऊ द्या त्याले."

गुलाबरावांनी ट्रक धरला. घशातून पहिला गिअर निघाला, मध्येच तुटला, परत निघाला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते तसेच घुंऽऽ करत होते. वहिनींनी हात लांबवून वाटेतली उशी बाजूला केली. मी माझा रणगाडा उचलला आणि देऊळघाटाच्या दिशेनं फिरवून ठेवला.