श्टुटगार्टात ठेवलेलं पस्तान

एक होतं वाटूर. तिथं होता मच्छिंद्र आणि होती त्याची बायको तुळजाबाई. त्यांना दोन लेकरं. लेक आकांक्षा पार जर्मनीला, श्टुटगार्ट शहरात दिलेली. जावई प्रितम तिथं इंजिनिअर. पोरगा कल्याण वाटुरातच शेती करतो. रान पाण्याखालचं, पोराला सुपारीचंही व्यसन नाही. पण पोरीवाले यायचे, चहा प्यायचे, "शेतीच करतो व्हय?" म्हणायचे आणि जायचे ते जायचेच. कपबशांचे कान तुटले, सोयरीक काही जुळली नाही.

अशात दोघं नवराबायको लेकीकडं गेले, तिथं उन्हाळा काढला. परत यायच्या आठवड्यात अंबडहून अप्पारावांचा फोन आला. त्यांची लेक साक्षी लग्नाची. अप्पाराव म्हणाले, "बुधवारी घर बघायला येतो. पण आईबाप हजर पाहिजेत. रिकाम्या घरात पोरीचं बोलणं आम्ही करत न्हाई. दुसरं बी एक स्थळ हे आमच्याकडं."

विमान रविवारचं. म्हणजे सगळं बराबर बसत होतं.

बसलंही असतं. पण शनिवारी सकाळी मच्छिंद्र आपला चहाचा कप आपण होऊन स्वयंपाकघरात ठेवायला गेला. (उभ्या जन्मात त्यानं कप उचलला नव्हता. त्याच दिवशी का सुचलं, देव जाणे.) तिथं भिंतीवर आकांक्षानं जालन्याहून नेलेलं कॅलेंडर. मच्छिंद्रनं चष्मा न लावताच रविवारच्या आकड्यावर बोट ठेवलं. आकडा बराबर, वार बराबर, आणि आकड्याशेजारी काळाकुट्ट गोळा.

"अगं ए, उद्या अमावस्या हे! कल्याणच्या कामाला अमावस्येला निघायचं व्हय?"

"विमानाला कसली आली अमावस्या?" तुळजाबाई म्हणाली. "त्याला दिवे असतेत."

"बाबा, तिकीट बदलत नसतं," आकांक्षानं मिटवून टाकलं.

मच्छिंद्र गप्प बसला. गप्प बसलेला मच्छिंद्र म्हणजे खुंटा हलवून बघणारा बैल, हे तुळजाबाईला ठाऊक होतं. पण शेवटचा दिवस म्हणून सगळे तळ्यावर फोटो काढायला निघालेले, तिचं ध्यान नव्या चपलांत.

"गुडघा दुखून राह्यला," मच्छिंद्र म्हणाला. "तुम्ही जा."

आता असल्या अमावस्येवर आपल्याकडं तोड आहेच. निघायचा दिवस वाईट असला, की आदल्या दिवशी पस्तान ठेवायचं. फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, अंगावरचं एखादं कापड बांधायचं आणि शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास त्याच घडीला सुरू झाला म्हणायचं. दुसऱ्या दिवशी जाता जाता गाठोडं उचलायचं आणि चालू लागायचं. नेम एकच. ते गाठोडं परत आपल्या उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. आणलं, की गेलं काम.

मच्छिंद्रनं उपरणं पसरलं. तांदूळ ठेवले, सुपारी ठेवली, जुना सदरा ठेवला. मग त्याला वाटलं, ज्याच्या जिवावर विमानात बसायचं ते घरात आणि विटका सदरा प्रवासाला, हे कसलं पस्तान? त्यानं दोघांचे पासपोर्ट सदऱ्याच्या घडीत सारले, भाकरीच्या गाठोड्याला मारतात तशी गाठ मारली, आणि वरच्या मजल्यावरच्या हेल्गाबाईची घंटा वाजवली.

हेल्गाबाई एकटी, म्हातारी, फार मायेची. तिला मराठी येत नव्हतं आणि याला दुसरं काही येत नव्हतं. मच्छिंद्रनं गाठोडं तिच्या हातात दिलं. आभाळाकडं बोट करून हातानं विमान उडवलं, छातीला हात लावला, मग दोन्ही हात जोडले. हेल्गाबाईचे डोळे भरून आले. तिनं गाठोडं पोटाशी धरलं आणि मान हलवली. मच्छिंद्र खाली येऊन घोरत पडला. मग गुडघाही दुखेना.

सांजच्याला सगळे परतले. प्रितम म्हणाला, "मामा, पासपोर्ट द्या जरा. चेक-इन करून टाकतो."

"हेत की."

"कुठं?"

"प्रवासाला लागलेत," मच्छिंद्र म्हणाला.

सगळं ऐकून आकांक्षा अनवाणी पळत वर गेली आणि पांढरीफटक होऊन खाली आली. तिच्यामागं हेल्गाबाई. तिनं खिडकीतून कौतुकानं बोट दाखवलं. कोपऱ्यावर एक लोखंडी पेटी उभी होती, माणसापेक्षा उंच. जुने कपडे गोरगरिबांसाठी तिच्यात टाकायची तिकडं रीत. निघालेल्या माणसानं विटका सदरा आणून दिला, हात जोडले, मग तिनं दुसरं काय समजावं? दुपारीच टाकून आली होती.

पेटीवर फोन नंबर होता. प्रितमनं लावला. ऑफिस सोमवारी उघडणार होतं.

"सोमवारी?" तुळजाबाई फुटपाथवरच बसली. "अन् बुधवारी अप्पाराव कपाळ बघायला येतील का आपलं? चौथं स्थळ! बाकीची लोकांनी मोडली, हे बापानं मोडलं!"

मच्छिंद्रचा चेहरा उतरला. पण वाटुरात कुणाची बादली विहिरीत पडली, की दोराला गळ बांधून ती काढायला बोलावणं मच्छिंद्रलाच येतं. तो जावयाला म्हणाला, "पाव्हणं, कपडे टांगायच्या तारा हेत का घरात?"

तिकडं उन्हाळ्यात नऊ वाजेस्तोवर लख्ख उजेड. तोंड लपवायला अंधार म्हणून नाही. प्रितमनं पेटीचं छातीएवढ्या उंचीवरचं झाकण ओढून धरलं. मच्छिंद्रनं तारांचा गळ केला, बॅगेची दोरी बांधली आणि कमरेपर्यंत आत वाकला. बाहेर नुसता पायजमा दिसत होता. आधी एक स्वेटर निघालं. मग एका धिप्पाड माणसाची पँट, मग झालरीचा लांब झगा. हेल्गाबाई शेजारी उभी राहून एकेक कपडा घडी करून हातावर घेत होती, साडीच्या दुकानात बसल्यासारखी. कुत्रं घेऊन चाललेली एक बाई थांबली, पायजम्याकडं बघितलं आणि कुत्र्याला जल्दी ओढून घेऊन गेली.

"बाबा, पोलीस येतील!" आकांक्षा म्हणत होती. मग तिला हसू फुटलं, ते आवरेना, आणि तिनं फोन काढून व्हिडिओ केला.

"लागलं! लागलं!" पेटीतून आवाज घुमला. गळ गाठीत अडकला होता. उपरणं वर आलं. पासपोर्ट घडीत जसेच्या तसे. मच्छिंद्रनं कंबर सरळ केली. समोरच्या इमारतीवर बारीक चंद्रकोर दिसत होती. त्यानं तिला भक्तीनं हात जोडले. हेल्गाबाईच्या हातावरचे कपडे प्रितमनं परत पेटीत टाकले.

"चला मामा घरात."

"गाठोडं घरात येत न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. "उंबरा बिलकुल ओलांडायचा न्हाई."

प्रितमनं फुटपाथवर उभं राहूनच चेक-इन केलं. (जावई गुणाचा. सासऱ्यापुढं नुसते ओठ चावले.)

"आता हे ठेवायचं कुठं?" मच्छिंद्रनं विचारलं.

"त्या बाईपाशी नुसतं ठेवलं तर सकाळी कोणत्या पेटीत हुडकायचं?" तुळजाबाई उठली. "गाठोड्यासंगं तुम्हीच जा वर. तुमचंच पस्तान ठेवते मी!"

आणि ठेवलं. मच्छिंद्र त्या रात्री गाठोडं उशाला घेऊन हेल्गाबाईच्या सोफ्यावर झोपला. सकाळी तिनं कॉफी पाजली, पाव खाऊ घातला, आणि तो तिथूनच थेट टॅक्सीत जाऊन बसला.

बुधवारी अप्पाराव वाटुरला आले. पोरगीही संगं. मच्छिंद्रला वाटलं होतं, झाल्या गोष्टीची वाच्यता होणार नाही. पण आकांक्षानं व्हिडिओ भावाला पाठवला होता, भावानं तो स्टेटसला ठेवला होता, आणि साक्षीपाशी कल्याणचा नंबर आधीपासून होता. (मोठ्यांना असल्या गोष्टी शेवटी कळतात.)

अप्पारावांनी चहा संपवला. "ते पेटीतले तुम्हीच का?"

मच्छिंद्रनं जमिनीकडं बघितलं. "मीच."

"पोरीनं तो व्हिडिओ मला इतक्या बार दाखवला, की तुमचा पायजमा मी कुठं बी ओळखीन. म्हणती, पोराच्या कामासाठी जो बाप इतका वाकतो, त्या घरात मला वाकावं लागणार न्हाई." त्यांनी कपबशी खाली ठेवली. "आमच्याकडून पसंत हे."

तुळजाबाईनं पदरानं डोळे पुसले. कल्याण उगीच गोठ्याकडं गेला. आणि मच्छिंद्रची मान वर झाली. "म्हणून म्हणतो, रीत पाळावी! अमावस्येला नुसता निघालो असतो तर?"

"कोणती अमावस्या?" अप्पाराव म्हणाले. "ती तर गुरुवारीच होऊन गेल्ती."

आकांक्षाला फोन लावला. तिनं स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. तिच्या कॅलेंडरवर अजून एप्रिल होता. एप्रिलचे अन् जुलैचे वार सारखेच पडतात, पान कुणी उलटलंच नव्हतं.

"अन् आदल्या सांजेला चंद्राला हात जोडले तुम्ही," तुळजाबाई म्हणाली. "अमावस्येच्या आदल्या सांजेला कोर दिसत असती का कधी? शेतकरी म्हणं!"

तुळशीचं लगीन लागलं, त्यामागून कल्याणचं लागलं. साक्षी घरात आली, कपबशांचा नवा सेट आला. अप्पारावांची एकच अट होती: मुहूर्त ते काढतील, व्याह्यांनी कॅलेंडरला हात लावायचा नाही. मच्छिंद्रच्या दारी जशी सून आली, तशी तुमच्याही दारी येवो. फक्त निघायच्या आधी पान उलटून बघा.