शेवटच्या पानावरचा मजकूर

सुभेदार निकम पुस्तक शेवटच्या पानावरून निवडतात. कपाटासमोर सावधान उभे राहतात, पुस्तक काढतात, मागून उघडतात, बघतात आणि परत ठेवतात. कधी वीस पुस्तकं, कधी तीस. मग एखाद्यावर थांबतात आणि ते माझ्या टेबलावर आणून ठेवतात. "हे घ्या लिवून, मॅडम."

मी साताऱ्यातल्या एका छोट्या वाचनालयाची कार्यवाह. चार वर्षांपूर्वी सांगलीहून इथे आले आणि पहिल्या महिन्यात तीन याद्या केल्या. हरवलेली पुस्तकं, फाटलेली पुस्तकं, आणि 'उद्या आणून देतो' म्हणणारे सभासद. सुभेदार एकाही यादीत बसले नाहीत. पुस्तक वेळेवर आणतात, पान दुमडत नाहीत.

"शेवट आधी वाचला की मजा जात नाही का?" मी एकदा विचारलं.

"शेवट कोण वाचतंय?" म्हणाले आणि चालू लागले.

शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे वाचक कट्टा भरतो. आवडलेली कादंबरी किंवा सिनेमा, प्रत्येकाला पाच मिनिटं, घड्याळ माझ्या हातात. सुभेदार भिंतीशी उभे राहूनच बोलतात आणि दोन मिनिटांत आटपतात, कारण त्यांची कसोटी एकच आहे.

"पुस्तक चांगलं हाय. पण दीडशे पानं झाली, त्या पोरीला कुणी जेवलीस का म्हणून इचारलं न्हाई. हितं लेखक चुकला."

"सुभेदार, कादंबरी आहे ती, खानावळ नव्हे," निवृत्त शिक्षक चौगुले सर म्हणतात.

"आवं सर, खानावळीत तरी इचारत्यात."

सिनेमालाही तीच कसोटी. एका सिनेमाहून सगळा कट्टा रडून आला होता. सुभेदारांचं मत असं पडलं, "लय भारी. फकस्त भांडाण सुरू झालं तवा गॅसवर दूध हुतं. ते कुणी उतरवलं, दाखवलं न्हाई." आता त्या सिनेमातलं मला फक्त दूध आठवतं.

आमच्या सभासदांना एक जुनी खोड आहे. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं मत लिहायचं. 'छान.' 'रटाळ.' 'लेखकाला भेटायचे आहे, कारण सांगणार नाही.' या उन्हाळ्यात मी वाचनालय पंधरा दिवस बंद ठेवलं, दोन डझन खोडरबर आणले आणि सगळी पानं साफ केली. खोडण्याआधी प्रत्येक मजकूर वहीत उतरवून घेतला. नोंद न करता काही नाहीसं करणं माझ्याच्यानं होत नाही. रकाने चार: पुस्तक क्रमांक, मजकूर, कार्यवाही, शेरा. कार्यवाहीत सगळीकडे 'खोडले'. शेऱ्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून तो कोरा राहिला.

बऱ्याच पुस्तकांत दोन वेगळ्या हातांची अक्षरं एकाखाली एक होती. वरचं बारीक, गोल. 'नायिका दोन दिवस उपाशी आहे, कुणाच्या ध्यानात नाही.' खाली वीट रचावी तसं ठोकळेबाज अक्षर. 'बरोबर. मलाही खटकले.' खालचं अक्षर सुभेदारांच्या सहीशी जुळलं. वरचं मात्र एकाही सभासदाच्या सहीशी जुळेना. सुभेदारांना द्यायची समज मी मनात तयार करून ठेवली.

वाचनालय उघडलं त्या दिवशी ते सकाळीच आले. कपाटासमोर उभे राहिले. एक ओळ संपली, दुसरी संपली, तिसरी. एकाही पुस्तकावर थांबले नाहीत.

"मॅडम, मागं लिवलेलं हुतं."

"खोडलं. मीच खोडलं. त्यातलं निम्मं तुमचं होतं, सुभेदार."

"माझं खोडा की. वरचं बी खोडलं?"

"दोन्ही."

"समद्या पुस्तकातलं?"

"सगळ्या."

ते बाकावर बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मनातली समज मनातच राहिली.

"वरचं आमच्या मालकिणीचं हुतं," ते म्हणाले. "मी तिकडं पलटणीत. ती हितली पुस्तकं शेजारणीच्या नावावर न्यायची. सुट्टीवर आलो की म्हणायची, आवं, एवढं वाचा, मग आपण बोलू. मी म्हणायचो, रिटायर झाल्यावर. पेन्शनीवर आलो आन् म्हैन्याभरात ती गेली. पुढं हितलं एक पुस्तक सहज उघडलं, तर मागं तिचं अक्षर. म्हटलं, बोलायचं ऱ्हायलंय, ते बोलून घेऊ."

"किती पुस्तकं राहिली होती?"

"ते कुठं म्हाईत हाय? म्हणून तर हुडकत हुतो."

मी कपाट उघडून वही काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. ते ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. बोट मधेच थांबायचं, मग पुढे सरकायचं.

"अक्षर माझं आहे," मी म्हटलं.

"बोलणं तिचंच हाय." मग त्यांनी चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं. "ह्यात काय लिवायचं असतंय?"

माझ्या वहीत मी कुणाला लिहू देत नाही. अध्यक्षांनाही नाही.

"शेरा," मी म्हटलं आणि पेन्सिलीला टोक काढलं.

त्यांनी लगेच लिहिलं नाही. आधी वाचायला पाहिजे, म्हणाले. तिच्या मजकुराखाली त्यांचं उत्तर नव्हतं अशा पहिल्या, सत्तावन्नाव्या, नोंदीचं पुस्तक घेऊन गेले. आठवड्यानं भर दुपारी आले आणि उभ्यानंच वही मागितली. नोंद सत्तावन्नचा मजकूर असा आहे: 'तो मुलगा शेवटी घरी परत आला की नाही, हे लेखकाने सांगायला हवे होते.'

रकान्याबाहेर जाऊ नये म्हणून सुभेदारांनी अक्षर बारीक काढलं. 'आला. उशीर झाला.'

पेन्सिल जागेवर ठेवली, वही माझ्याकडे सरकवली. मी घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजत आले होते.

"सुभेदार," मी विचारलं, "जेवलात का?"